भीमाचार्यांची मोटारशुद्धी

“ही खाते काय?” भीमाचार्यांनी विचारलं.

दारात नवी गाय आली की विचारावं, तशा सुरात त्यांनी हे विचारलं होतं. समोर उभी होती ती मात्र गाय नव्हती. ती एक काळी मॉरिस मोटार होती. कँटोन्मेंटमधल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती विकायला काढली आणि नरसिंहरावांनी घेतली, तेव्हा ती त्यांच्या मुलीपेक्षा, वसुमतीपेक्षा, दोनच वर्षांनी लहान होती. एका बाबतीत मात्र मोटारीचं नशीब वसुमतीपेक्षा बरं होतं. तिला आजवर तीन घरांनी पसंत करून नेलं होतं.

“पेट्रोल, अण्णा,” नरसिंहराव वडिलांना म्हणाले. “पेट्रोल घालायचं, की चालते.”

“नुसतं पेट्रोल?”

“नुसतं पेट्रोल.”

नरसिंहराव सर्व्हे खात्यात नकाशे काढत. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. फार तर नकाशातला एखादा ओढा ते दाखवायचा राहू देत. आताही एक ओढा राहिला होता, आणि तो तसाच राहिला असता, पण कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या प्रतापरावांचं पांढऱ्या मिशांचं डोकं उगवलं. प्रतापराव फौजेत लॉरी चालवून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलेलं, आणि ते हे असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, मंडळी परवाच्या गाडीनं उतरली. नरसिंहरावांना मोटार अजून नीट हाकता येत नव्हती, म्हणून मोटारीचं सगळं प्रतापरावच पाहत.

“नुसतं पेट्रोल कुठलं, आचार्य!” प्रतापराव अभिमानानं म्हणाले. “ते बाकीच्यांना. आपल्या म्हैसूर राज्यात त्यात पॉवर अल्कोहोल घालतात. मंड्याकडच्या उसाचं. शंभरात वीस भाग तरी स्पिरिट असतंय बघा. इंजिन कसं थंड राहतं!”

“स्पिरिट म्हणजे?”

नरसिंहराव वडिलांच्या पाठीमागून दोन्ही हात हलवत होते. प्रतापरावांना वाटलं, ते माशी हाकलतायत.

“म्हणजे दारूच की, आचार्य. पण फर्स्ट क्लास!”

तो गुरुवार होता आणि एकादशी होती. एकादशीला आचार्य पाण्याचा थेंबसुद्धा घेत नसत, त्यामुळे त्यांचा आवाज आधीच कोरडा झालेला. ते शांतपणे म्हणाले, “दारू पिणाऱ्याच्या पाठीवर बसून मी नातीच्या सोयरिकीचा तांबूल द्यायला जाणार नाही.” एवढं बोलून ते आत गेले. बसवनगुडीतल्या त्या घरात मग स्वयंपाक नव्हता, तरी काहीतरी करपल्यासारखं सगळ्यांना वाटू लागलं.

करपलं होतं ते वसुमतीचं लग्न. ती तेवीस वर्षांची होती, बी. एस्सी. झालेली होती आणि मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. आजवर आलेली सहा स्थळं आजोबांनी मोडली होती. एका मुलाचा मामा हॉटेलात कॉफी पितो म्हणून, एकाच्या घरी कांदा येतो असा वास आला म्हणून, आणि एक तर मुलगा फार गोड बोलतो म्हणून. सातवं स्थळ कृष्णराजपुरमचं. निवृत्त स्टेशनमास्तरांचा मुलगा, हयवदन. गोत्र जुळलं, पत्रिका जुळली, आणि मुख्य म्हणजे ती दोघं जुळली. बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं “गाता येतं का?” न विचारता “शाळेत तराजू चांगला आहे का?” असं विचारलं होतं, आणि वसुमती दहा मिनिटं त्या तराजूबद्दलच बोलत होती. त्या दिवसापासून ती घरात गुणगुणत असे.

शुक्रवारी द्वादशीला मुलाकडे तांबूल, म्हणजे सोयरीक पक्की करायचा विधी, ठरला होता. खरं तर मुलाकडच्यांनी यायचं, पण त्याची आजी अंथरुणाला खिळलेली, आणि तिला नातसून डोळ्यांनी पाहायची होती. साडेदहाला राहुकाळ लागत होता, त्याच्या आत घरातल्या वडीलधाऱ्यानं तांबूल द्यायचा. चार दिवसांनी आषाढ लागणार होता, म्हणजे महिनाभर सगळं बंद. आणि धारवाडचं एक स्थळ मुलाच्या दारात जणू चपला घालूनच बसलं होतं.

“आता काय हो?” अनुसूयाबाई नवऱ्याला, नरसिंहरावांना, माजघराच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. “दारू पिणारी मोटार त्यांना चालत नाही. मग दारू गाळणारा जावई कसा चालायचा?”

नरसिंहरावांनी न दाखवलेला दुसरा ओढा तो हाच. मुलगा “साखर कारखान्यात केमिस्ट आहे” इतकंच त्यांनी वडिलांना सांगितलं होतं. तो मंड्याच्या त्या कारखान्याच्या कोणत्या भागात आहे, हे सांगितलं नव्हतं. हयवदन साखरेच्या बाजूला नव्हताच. साखर झाल्यावर उरलेल्या मळीपासून स्पिरिट काढतात, त्या विभागात तो होता. प्रतापरावांनी जिला फर्स्ट क्लास म्हटलं, ती त्याच्याच हातची. हे अनुसूयाबाईंना माहीत होतं, आचार्यांच्या पत्नी कृष्णाबाईंना माहीत होतं, वसुमतीला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त आचार्यांना माहीत नव्हतं.

“एकदा तांबूल होऊ दे,” नरसिंहराव म्हणाले. “मग सांगतो.”

“मगचं मग. आधी ते तिथवर पोचायचे कसे?”

हा प्रश्न खराच होता. सकाळची आगगाडी आचार्यांची पूजा आटोपण्याआधी सुटायची आणि पुढची राहुकाळात पोचवायची. घोड्याचा जटका दहा-बारा मैल ओढीत न्यायचा म्हणजे घोड्याचंच बारावं. नरसिंहराव रात्री जेवण नसल्यामुळे नुसतं पाणी पिऊन झोपले.

भीमाचार्य मात्र स्वस्थ नव्हते. एक सांगायला पाहिजे, म्हणजे त्यांच्यावर अन्याय व्हायला नको. नातीवर त्यांचा जीव होता. तिला अक्षरं त्यांनीच तांदळाच्या ताटात गिरवायला शिकवली होती. सहा स्थळं मोडली ती रागानं नाही, तर तिच्या तोलाचं कोणी दिसेना म्हणून. या सातव्याला त्यांनी प्रथमच ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, असं म्हटलं होतं. आणि आता ही पिणारी मोटार! पातक असतं तिथं प्रायश्चित्त असतंच, एवढा धर्मशास्त्राचा त्यांना भरवसा होता. प्रश्न फक्त मोटारीच्या शुद्धीचा विधी कुठल्या ग्रंथात सापडतो हा होता. त्याच संध्याकाळी ते कुंपणापाशी गेले होते.

“प्रतापराव, या मोटारीचं तोंड कुठे असतं?”

आचार्यांना यंत्राची गोडी लागलीशी पाहून प्रतापरावांना भरून आलं. त्यांनी मोटारीच्या मागच्या बाजूचं झाकण फिरवून दाखवलं. “इथनं घालायचं, आचार्य.”

“तोंड मागे?”

“होय की. मागेच.”

“म्लेच्छांची रचना,” आचार्य पुटपुटले, पण जागा त्यांनी लक्षात ठेवली.

द्वादशीचं पारणं उजाडताच असतं. घरातले बाकीचे पानावर होते तेव्हा आचार्य हात धुऊन देवघरात गेले. काशीहून आणलेला गंगेचा गडू त्यांनी फोडला. मडीच्या, म्हणजे सोवळ्याच्या, विहिरीच्या पाण्यानं तांब्या भरला, त्यात गंगा घातली, तुळशीची दोन पानं सोडली आणि मंत्र म्हणत तो अख्खा तांब्या मोटारीच्या त्या मागच्या तोंडात ओतला. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. हात धुताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते स्वतःशीच हसले.

“चला,” ते ओसरीवर येऊन म्हणाले. “मोटारीनंच जाऊ. माझी काही हरकत नाही.”

नरसिंहराव हात धुता धुता बाहेर आले.

“अण्णा, पण काल तुम्ही…”

“काल ती वेगळी होती. चला, उशीर नको.”

नरसिंहरावांनी याचा अर्थ उपासानं माणूस मऊ होतो असा घेतला. अनुसूयाबाईंनी देवाला साखर ठेवली. कृष्णाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पन्नास वर्षांच्या संसारात शिकल्याप्रमाणे काही विचारलं नाही.

साडेआठला मोटार निघाली. चामड्याची बैठक विटाळाची, म्हणून तिच्यावर लोकरीची धाबळी अंथरली होती. मागे खिडकीशी आचार्य, त्यांना शिवायला चालतं म्हणून शेजारी कृष्णाबाई, मग अनुसूयाबाई, आणि दाराला चिकटून वसुमती. तिच्या मांडीवर फळांची परडी, परडीवर तांबुलाचं ताट आणि हातात पिण्याच्या पाण्याची काचेची मोठी बाटली. पुढे चाकावर प्रतापराव, फौजेतल्या बिल्ल्यासह, आणि त्यांच्या शेजारी नरसिंहराव.

कब्बन पार्कपर्यंत मोटार अगदी गुणी मुलासारखी चालली. हलसूरला तिला पहिला ठसका लागला. जुन्या मद्रास रस्त्याला लागल्यावर खोकला सुरू झाला. प्रतापराव “काही नाही, काही नाही” म्हणत होते, आणि ते जितक्या वेळा म्हणत तितकी ती जास्त खोकत होती. बेन्निगानहळ्ळीच्या तळ्यापाशी तिनं एक मोठा उसासा टाकला आणि ती थांबली. घड्याळात सव्वानऊ झाले होते. कृष्णराजपुरम अजून तीन मैल.

प्रतापरावांनी इंजिनावरचा टोप उघडला. प्लग काढून पुसले आणि लावले. कानडीत एक शिवी तोंडात आली होती, तेवढ्यात आचार्य दिसले, म्हणून तिचा शेवट त्यांनी “रामा”वर केला. मग ढकलणं झालं. नरसिंहराव जरीकाठी धोतर खोचून ढकलू लागले. बाजाराला वैरण टाकून परतणारी गंगव्वा नावाची एक बाई रिकामी बैलगाडी थांबवून मदतीला आली आणि एकटीनं तिघांइतकं ढकललं. मोटार दहा हात पुढे गेली आणि उतार संपल्यावर तिथंच राहिली.

“बैल लावू काय, स्वामी?” गंगव्वानं कानडीत विचारलं.

“बैल लावून सोयरिकीला जायचं?” अनुसूयाबाईंना रडू फुटायच्या बेतात होतं. “अय्यो, काय म्हणतील ते लोक!”

शेवटी प्रतापरावांनी पेट्रोलची नळी सोडली आणि तोंड लावून ओढली. दुसऱ्या क्षणी ते थुंकत थुंकत रस्त्याच्या कडेला पळाले.

“पाणी! नरसिंहराव, यात पाणी आहे! त्या शिवाप्पानं पेट्रोलमध्ये पाणी घातलं. गवळी परवडला!”

शिवाप्पाचा पेट्रोल बंक बसवनगुडीच्या कोपऱ्यावर होता. नरसिंहरावांचा, म्हणजे कधी कोणावर आवाज न चढवणाऱ्या माणसाचा, चेहरा लाल झाला. “माझ्या मुलीच्या तांबुलाच्या दिवशी! मी अर्ज करतो. सरकारकडे अर्ज करतो. त्याचा बंक बंद करवतो!”

“करा,” प्रतापराव म्हणाले. “मी सही करतो.”

भीमाचार्य खिडकीतून तळ्याकडे बघत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग प्रतापराव जवळ आले, तसा त्यांच्या तोंडाचा भपकारा आत शिरला. “प्रतापराव,” आचार्य नाक धरून म्हणाले, “तळ्यावर जाऊन बारा चुळा भरून या. त्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही.”

प्रतापराव आठवी चूळ भरत असताना हयवदन सायकलवरून आला. पाहुणे येईनात म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला शोधायला पाठवलं होतं. सायकल झाडाला टेकवून त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आचार्यांना लांबून. पावणेदहा वाजले होते.

“काय झालं?”

“शिवाप्पा,” नरसिंहराव म्हणाले. त्यांना त्या क्षणी दुसरा शब्द सुचत नव्हता.

हयवदननं नळीचा वास घेतला. मग नुसता घेऊन थांबला नाही, दोनदा, तीनदा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर अशी उत्सुकता आली, की अनुसूयाबाईंनी घाबरून आचार्यांकडे पाहिलं. “काचेचं भांडं आहे काय?” त्यानं विचारलं.

वसुमती खाली उतरली. तिनं बाटलीतलं पाणी गवतावर ओतलं, पदरानं बाटली आतून कोरडी केली आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं मोटारीखाली शिरून टाकीच्या बुडाचा स्क्रू सैल केला, बाटली भरली आणि दोघंही ती उजेडात धरून बघू लागली.

“दोन थर झालेत,” वसुमती म्हणाली.

“खालचा गढूळ. हलवून बघा.”

तिनं बाटली हलवली आणि स्थिर धरली. “परत वेगळे झाले. खालचा पाण्याचा, पण नुसतं पाणी नाही. वास येतोय.”

“बरोबर!” हयवदन म्हणाला. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबानंही वसुमतीला इतक्या आनंदानं बरोबर म्हटलं नव्हतं. दोघांची डोकी बाटलीपाशी जवळ आली होती, बाजूनं गाड्या जात होत्या, गंगव्वा बैलाच्या पाठीवर हात ठेवून पाहत होती, आणि घरच्यांच्या समोर आपण उभे आहोत हे त्या दोघांना आठवतही नव्हतं. कृष्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

“कोणीतरी टाकीत तांब्याभर पाणी घातलंय,” हयवदन म्हणाला. “आणि हे काय?” बाटलीच्या तळाशी एक हिरवं पान फिरत होतं. त्यानं काडीनं ते बाहेर काढलं.

ते तुळशीचं पान होतं. शिवाप्पा पेट्रोलमध्ये एकवेळ पाणी घालील, पण वर तुळस ठेवणार नाही, हे नरसिंहरावांच्याही लक्षात आलं. सगळ्यांच्या नजरा सावकाश खिडकीकडे वळल्या.

“शिवाप्पाला बोल लावू नका,” भीमाचार्य म्हणाले. ते उतरून रस्त्यावर उभे राहिले होते. “गरीब माणूस तो. मीच घातलं. आणि ते पाणी नव्हे, गंगा आहे.”

“अण्णा!”

“मला वाटलं, शुद्ध होईल. वसुचं कार्य चुकायला नको म्हणून केलं मी.” त्यांनी अडलेल्या मोटारीकडे पाहिलं. “आणि मीच चुकवलं.”

इतक्या वर्षांत आचार्यांनी चूक कबूल केलेली घरात कोणी ऐकली नव्हती. वसुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. “ताता, असू दे,” ती म्हणाली. “असू दे हो.” मडी होती, नाहीतर तिनं आजोबांचा हात धरला असता.

हयवदन मात्र बाटलीकडे बघत होता. “आचार्य, एक सांगू? आपण म्हणता तसंच झालंय.”

“म्हणजे?”

“पेट्रोल आणि पाणी एकत्र होत नाही. पण स्पिरिटला पाण्याची ओढ. आपण पाणी घातलं, तसं स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्याला मिळालं आणि दोन्ही खाली बसले. मोटार बुडाचं ओढते, म्हणून ती अडली.”

“आणि वर काय राहिलं?”

“निव्वळ पेट्रोल.”

“दारू?”

“नावाला.”

भीमाचार्यांची पाठ एकदम ताठ झाली. “नरसिंहा, ऐकलंस? गंगेनं दारू ओढून काढली! शुद्धी झाली, आणि शास्त्र शिकलेला मुलगा सांगतोय!”

इथं कोणीही शहाणा मुलगा गप्प बसला असता. दहाला पाच कमी होती, आणि आचार्य प्रसन्न होते. पण हयवदन म्हणाला, “मात्र गंगाच पाहिजे असं नाही, आचार्य. नळाचं पाणी घातलं असतं तरी हेच झालं असतं.”

अनुसूयाबाईंनी डोळे मिटले.

“मग!” आचार्य म्हणाले. “नळाच्या पाण्यात गंगा नाही असं तुला कोणी सांगितलं? रोज तांब्या डोक्यावर घेताना ‘गंगे च यमुने चैव’ म्हणतो, ते काय उगीच?” आणि मग, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, त्यांनी तो प्रश्न विचारला. “पण तुला रे इतकं दारूचं ज्ञान कसं? साखरेत असतोस ना तू?”

नरसिंहराव पुढे झाले. “अण्णा, वेळ होतोय. आधी आपण…”

“मी साखरेत नाही,” हयवदन म्हणाला. “हे आपल्याला माहीत आहे असं मला वाटत होतं. मळीपासून हे स्पिरिट काढतात, ते काम माझ्याकडे आहे. काल आपल्या मोटारीत होतं ते बहुतेक माझंच.”

तळ्यावर प्रतापरावांची बारावी चूळ ऐकू आली. वसुमतीनं बाटली छातीशी धरली. धारवाडच्या स्थळानं चपला काढून आत पाऊल टाकलं, असं अनुसूयाबाईंना स्पष्ट दिसलं.

भीमाचार्य रस्त्याच्या कडेनं दहा पावलं गेले आणि परत आले. “कशापासून काढता म्हणालास?”

“मळीपासून. साखर काढून झाल्यावर उरते ती.”

“पूर्वी तिचं काय व्हायचं?”

“काही सांडायची. काही गुत्तेवाले न्यायचे. दारू पाडायला.”

“माणसं प्यायची?”

“होय.”

“आणि आता पेट्रोलात मिसळल्यावर? माणूस पिऊ शकतो?”

“प्यायला तर दवाखान्यात जाईल,” हयवदन म्हणाला. “पेट्रोलात गेली की माणसाच्या तोंडातून कायमची सुटली, आचार्य.”

आचार्यांनी डोळे मिटले. ते वादाला बसले की असे डोळे मिटत, आणि अशा वेळी त्यांना घड्याळ दाखवायची कोणाची छाती नसे. दहा वाजून पाच मिनिटं झाली, सात झाली. नरसिंहरावांना वाटलं, आपण इथंच मातीत मिसळावं.

“समुद्रमंथनात वारुणी निघाली,” आचार्य डोळे न उघडता म्हणाले. “दारूची देवता. भागवतात आहे, आठवा स्कंध. ती कोणी घेतली?”

मग वसुमती हळूच म्हणाली, “असुरांनी.”

“कोणाच्या आज्ञेनं?”

“हरीच्या.”

“हरीच्या!” आचार्यांनी डोळे उघडले. “वारुणी देवांना नाही, माणसांना नाही, असुरांना. साक्षात हरीची अनुमती. आणि हा काळा, धूर ओकणारा, मागून खाणारा असुर नव्हे तर काय? हा मुलगा माणसाच्या तोंडची दारू काढून असुराच्या तोंडी घालतो. यात दोष असेल तर भागवतातच दोष आहे!” मग ते हयवदनकडे वळले. “माझ्याशी खोटं बोलून सोयरीक करता आली असती तुला. का नाही केलीस?”

“मला माझं काम सांगता येण्यासारखं वाटतं,” तो म्हणाला.

आचार्यांनी मान हलवली. मग ते स्वतःच्या मुलाकडे वळले. नरसिंहरावांनी मान खाली घातली. “तुझ्या नकाशांवर लोक रस्ते बांधतात ना रे?” आचार्य म्हणाले, “देव त्यांचं रक्षण करो. चला, बसा!”

पुढची पाच मिनिटं सगळे धावत होते. हयवदननं टाकीचा बुडाचा स्क्रू पूर्ण काढून खालचा थर जमिनीवर सोडला. बाटलीत निव्वळ पेट्रोल दिसू लागल्यावर स्क्रू घट्ट केला. टाकीत थोडंच उरलं होतं, पण जायला आणि परतीला जेमतेम पुरे होतं. गंगव्वानं मागून धक्का दिला, मोटारीनं काळा धूर सोडला आणि ती निघाली. हयवदन सायकलवर पुढे, जिवाच्या आकांतानं पेडल मारत, आणि मागून प्रतापराव भोंगा वाजवत. जणू नवरदेवाची वरात लग्नाआधीच निघाली होती.

दहा चोवीसला ती मंडळी स्टेशनमास्तरांच्या दारात उतरली. दहा सत्तावीसला भीमाचार्यांनी तांबुलाचं ताट पुढे केलं. राहुकाळ लागला तेव्हा मुलाची आजी वसुमतीचा हात हातात घेऊन तिच्या पदराचा वास घेत विचारत होती, “स्वल्प रॉकेलाचा वास येतोय काय गं?” आणि वसुमती हसत, रडत, होय म्हणत होती.

राहुकाळ उलटल्यावर परतीला निघाले. मोटार कशीबशी बसवनगुडीपर्यंत आली आणि शिवाप्पाच्या बंकापाशी तिनं शेवटचा आचका दिला. शिवाप्पा धावत आला. त्याच्यावर सकाळी काय काय बेतलं होतं हे त्याला माहीत नव्हतं. प्रतापरावांकडून काल एवढंच कळलं होतं, की आचार्यांना स्पिरिटचं पेट्रोल चालत नाही.

“स्वामी, काळजी करू नका,” तो हात जोडून म्हणाला. “आपल्यासाठी मी मद्रासहून आलेलं बिनस्पिरिटचं पेट्रोल दोन डबे बाजूला ठेवलंय. सोवळ्यातलं म्हणा की! घालतो आत्ता.”

नरसिंहराव सुटकेनं हसले. “घाल बाबा.”

“बेडा,” भीमाचार्य खिडकीतून म्हणाले. “नको. मंड्याचं नाही काय तुझ्याकडे?”

“ते संपलंय, स्वामी. लॉरी चार वाजता येते.”

“मग चारला घाल.”

“अण्णा, आत्ता एक वाजतोय!”

“असू दे की. घरच्या जावयानं केलेलं सोडून परक्याचं घ्यायचं? लोक काय म्हणतील?” आचार्य उतरले. शिवाप्पानं धुऊन दिलेल्या बाकावर त्यांनी धाबळी अंथरली, वर बसले आणि जपाची माळ काढली.

बसवनगुडीत आचार्यांना ओळखत नाही असं कोणी नव्हतं. येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून नमस्कार करत होता आणि भर उन्हात पेट्रोल बंकावर कोणाची वाट बघताय, असं विचारत होता. आचार्य प्रत्येकाला जे होतं ते सांगत होते, पहिल्यापासून, आणि एकही ओढा न वगळता.